सात वर्षं सून कुणाकडे?

एका जंगलात, मुलांनो, एक चर्च होतं आणि त्याचं छप्पर गळत होतं. छप्पर गवताचं होतं आणि जंगलात गवताला तोटा नव्हता. तरी ते गळत होतं. का, ते सांगतो. पण मागच्या बाकावर बसून हसायचं नाही.

त्या चर्चमधले सगळे प्राणी मोठे भाविक होते. प्रभू परत येणार, यावर त्यांचं एकमत होतं. कधी येणार ते कोणालाही ठाऊक नाही, यावरही एकमत होतं. पृथ्वीवर सात वर्षांचं महासंकट येईल आणि प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेईल, इथपर्यंतसुद्धा सगळं सुरळीत होतं. भांडण एवढंच होतं की आधी उचलणार आणि मग संकट, की आधी संकट आणि मग उचलणार.

पहिल्यांना आधीवाले म्हणत आणि दुसऱ्यांना नंतरवाले. एक मुंगूस म्हणे, संकटाच्या बरोब्बर मध्यावर उचलणार. त्या मताचा तो एकटाच होता, त्यामुळे त्याच्या पक्षात कधी फूट पडली नाही. एक खार म्हणे, सात म्हणजे सातच कशावरून? तिच्याशी कोणीच बोलत नसे.

आता छपराचं ऐका. आधीवाले म्हणत, "आपण आज ना उद्या निघणार. निघणाऱ्याने छप्पर कशाला शाकारायचं?" नंतरवाले म्हणत, "सात वर्षं संकटात काढायची आहेत. गवत साठवून ठेवा, छपरावर वाया घालवू नका." दोघांकडेही शास्त्राचा आधार होता. त्यामुळे गायनमंडळाच्या डोक्यावर एक मोठं भोक पडलं होतं आणि त्यातून आकाश दिसत होतं.

चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते शांतवन सांबर. भले होते बिचारे. आधीवाल्यांकडे जेवले की त्यांना आधीचं पटे, नंतरवाल्यांकडे जेवले की नंतरचं. त्यांची प्रार्थना मात्र फार लांब असे. एकदा डोळे मिटले की जगातली सगळी जंगलं, तिथले राजे, राजांचे मंत्री आणि मंत्र्यांचे आजारी नातेवाईक यांच्यासाठी मागणं मागून झाल्याशिवाय ते उघडत नसत. तोवर मंडळीनेही डोळे मिटून माना खाली घालायच्या, अशी कडक शिस्त होती.

तर या चर्चमध्ये सालोमी नावाची एक तरुण साळिंदर गायनमंडळात डफ वाजवायची. तिच्या शेजारी रूबेन साळिंदर उभा राहून बेसूर गायचा. त्याचा सूर सालोमीला गोड लागायचा, यावरून काय ते समजा.

त्यांचा साखरपुडा झाला. तिथली रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार पाळकांनी जाहीर करायचं, अमक्याचं लग्न तमकीशी ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर आताच सांगा. पहिले दोन रविवार सगळे गप्प बसले. तिसऱ्या रविवारी दोघांचेही बाप एकदम उभे राहिले.

रूबेनचा बाप बर्णबा हा कट्टर आधीवाला. सालोमीचा बाप मत्तय हा कट्टर नंतरवाला.

"हरकत मुळीच नाही," बर्णबा म्हणाला. "फक्त एक खुलासा हवा. लग्न झालं की सून आमची. आम्ही संकटाआधी वर जाणार, तेव्हा तीही आमच्याबरोबर वर येणार ना?"

"आणि सात वर्षं तिकडेच?" मत्तय ओरडला. "पोरीने माहेरी तोंडच दाखवायचं नाही? पहिला नाताळ माहेरी करायची रीत आहे आपल्यात!"

"वर नाताळ काय कमी असेल?"

"पण मी खाली संकटात असेन! आणि सालोमीही खालीच असेल. अहो, संकटाआधी कोणीच वर जाणार नाहीये. तुम्हीसुद्धा!"

"म्हणजे आमची सून तुम्ही सात वर्षं ठेवून घेणार?"

"मी कशाला ठेवून घेऊ? तुमचा रूबेनही इथेच असेल की!"

"माझा मुलगा मागे राहणार, असं चर्चमध्ये तोंडावर सांगता?"

दोघांचेही काटे ताठ उभे राहिले. पुढच्या बाकांवरचे ससे घाईघाईने मागच्या बाकांवर गेले.

पाळकांनी समिती नेमली. समितीत आधीवाले आणि नंतरवाले समसमान होते आणि अध्यक्ष मुंगूस होता. सात वर्षं सून कुणाकडे, हा विषय होता. समिती बसली ती बसलीच. नाताळ झाला, ईस्टर झाला, पुन्हा नाताळ आला. सालोमीच्या आईने लग्नाच्या जेवणासाठी पुरून ठेवलेल्या रताळ्यांना वेल फुटले आणि त्या वेलांना नवी रताळी धरली.

शेवटी सालोमी पाळकांकडे गेली.

"पाळकसाहेब, अजून किती थांबायचं?"

"बाळ, धीर धर," पाळक म्हणाले. "प्रभूचं येणं जवळ आलं आहे. तो आला की आधी की नंतर, हे आपोआप कळेल. मग कसली अडचण?"

"पण तिकडे वर स्वर्गात लग्नं होत नाहीत ना? तुम्हीच संडे स्कूलमध्ये शिकवलंत."

या मुद्द्यावर मात्र चर्चमध्ये कोणाचंच दुमत नव्हतं.

मला इथे फार राग येतो, मुलांनो. प्रभू येणार म्हणून ज्या पोरीने आनंदाने डफ वाजवायचा, तिला आता त्याच्या येण्याची धास्ती वाटू लागली. रोज सकाळी ती बिळाबाहेर येऊन आकाशाकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "ये, प्रभू. पण आज नको." आणि मग दिवसभर तिला आपण केवढं पाप केलं असं वाटत राहायचं. हे तिच्या मनात कोणी भरलं, तर दोन प्रेमळ बापांनी आणि एका समितीने.

पुढच्या रविवारी उपासना नेहमीसारखी सुरू झाली. गीत झालं. पाळकांनी डोळे मिटले. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना सुरू झाली आणि जंगलामागून जंगलं जाऊ लागली. मंत्र्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोचल्यावर पाळक आमेन म्हणाले आणि सगळ्यांनी डोळे उघडले.

गायनमंडळात सालोमी नव्हती. रूबेनही नव्हता. त्यांच्या जागी चार काटे पडले होते आणि डफ पडला होता. वर छपराला भोक होतं. भोकातून ऊन बरोबर त्या डफावर पडलं होतं.

"गेली!" खार किंचाळली. "वर गेली!"

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! सशांनी बाकांखाली दडी मारली. सगळे भोकाकडे बघू लागले आणि मग चोरून एकमेकांकडे बघू लागले. कोण कोण राहिलं आहे ते मोजायला नको होतं, सगळेच राहिले होते.

"पण संकट कुठे आलंय अजून?" मत्तय म्हणाला. "संकटाआधी कोणी जाईलच कसं?"

आयुष्यभराचा वाद बर्णबा या क्षणी जिंकला होता. पण त्याला आनंद काही होईना. "आधीच नेणार, हे मी म्हणत होतोच," तो पुटपुटला. "पण मला का नाही नेलं?"

पाळक मागे राहिले याचं मंडळीला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पाळकांना वाटलं. ते पायरीवर मटकन बसले. मुंगूस म्हणाला, "कदाचित हा पहिला हप्ता असेल," पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

इतक्यात दारातून कृपाबाई म्हैस आत आल्या. कृपाबाई दर रविवारी प्रार्थना संपल्यावरच येत. गुडघे दुखतात, असं त्या सांगत.

"उशीर झाला बाई," त्या म्हणाल्या. "ओढ्यापाशी सालोमी आणि रूबेन भेटले, त्यांच्याशी बोलत बसले. पलीकडच्या जंगलातल्या पाळकांकडे लग्न लावायला चाललेत म्हणाले. तुम्ही कोणी गेला नाहीत?"

ससे एकेक करून बाकांखालून बाहेर आले.

"म्हणजे," मत्तयने जपून विचारलं, "माझी मुलगी पळून गेली?"

"हो की."

"नक्की पळूनच? उचलून नाही ना नेली कोणी?"

"अहो, रूबेनच्या पायात काटा रुतला होता, तीच त्याला ओढत नेत होती."

"प्रभूची स्तुती असो!" मत्तय बाकावर उभा राहून ओरडला. "माझी मुलगी पळून गेली!"

"माझाही मुलगा!" बर्णबा रडत म्हणाला. "दोघं पळून गेली हो!"

आणि ते दोन बाप एकमेकांच्या गळ्यात पडले. साळिंदरांनी असं करू नये, दोघांनाही खूप लागलं.

मग सगळं चर्च वाजतगाजत पलीकडच्या जंगलात गेलं. तिथे जोडप्याला आशीर्वाद मिळाले, रताळ्यांचं जेवण झालं, आणि पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली. या वेळी सगळ्यांनी एक डोळा उघडा ठेवला होता.

जेवताना दोघे व्याही शेजारी शेजारी बसले. बर्णबाने एक रताळं सोललं. मग म्हणाला, "मत्तयराव, खरं सांगू? डोळे उघडले आणि मुलगा दिसला नाही, तेव्हा मी सगळ्यात आधी तुम्हाला शोधलं."

"मला? का बरं?"

"तुम्ही बाकावर बसलेले दिसलात आणि जीव जरा भांड्यात पडला. म्हटलं, सात वर्षं काढायची वेळ आलीच, तर व्याही आहेत सोबतीला."

मत्तयने ताटातलं सगळ्यात मोठं रताळं उचलून त्याच्या ताटात ठेवलं. मग थोडा विचार करून म्हणाला, "पण बर्णबाभाऊ, ती सात वर्षं काढावीच लागतील हं. उचलणं नंतरच."

"आधी!" बर्णबा म्हणाला, आणि रताळं खाऊ लागला.

तात्पर्य : मुलांनो, मतभेद मिटवायच्या भानगडीत कधी पडू नका. शेवटच्या दिवशी कोण वर जाईल ते प्रभू जाणे. पण मागे राहायची पाळी आलीच, तर भांडायला शेजारी कोणीतरी आपलं माणूस हवं.