मालूताई कागद चाटतात

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मालूताई कागद चाटून बघतात. चोरून नव्हे, भर दुकानात. चित्रकलेचं सामान घ्यायला गेल्या की गठ्ठ्यातला एक कागद उचलायचा, कोपऱ्याला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "हा फसवणार!" दादरचा दुकानदार पूर्वी कळवळून म्हणायचा, "मावशी, उष्टा कागद कोणाला विकू मी?" आता तो त्यांच्यासाठी तुकडे कापूनच ठेवतो.

जीभ चिकटली तर कागद पाणी भसकन पिणार, न चिकटता सुटली तर रंगाला वर खेळू देणार, असं त्यांचं शास्त्र. गिरगावातल्या आमच्या इमारतीत त्यांच्या 'फसवणार'चा दरारा आहे. पापलेटचे कल्ले उघडून त्या तसं म्हणाल्या की कोळीण निमूट दुसरं काढते. इमारत पाडून नवी बांधायला आलेल्या बिल्डरला त्यांनी हे तोंडावर सांगितलं होतं. तो परत आला नाही.

निवृत्तीनंतर माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि दुपार खायला उठू लागली. लहानपणापासून जलरंगांची हौस होती. म्हटलं, आता नाही तर कधी? शाळेतल्या मुलांची असते तसली रंगपेटी आणि वही आणली. आधी जमतंय का बघू, मग भारीतलं घेऊ, हा माझा व्यवहारी विचार. महिनाभर नुसतं आकाश काढत होतो. कागद फुगायचा, निळ्याचे डाग पडायचे, ब्रशचे केस ढगात अडकायचे. शेवटी बायकोला म्हणालो, "माझा हातच नाही गं चित्राचा. देऊन टाक हे कोणाला तरी." बोलताना माझा आवाज जरा कापला असावा, कारण ती तडक वर गेली आणि मालूताईंना घेऊन आली.

मला वाटलं, चित्रं बघून हसतील. त्यांनी चित्रांकडे पाहिलंच नाही. वहीचा कोपरा चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"हात नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला? ह्या कागदाने? चला, चपला घाला."

"अहो मालूताई, मी शिकाऊ माणूस. मला कशाला एवढं भारी?"

"उलटं बोलताय! मुरलेला माणूस रद्दीवरसुद्धा काढील, त्याला कागदाची खोड कळते. नवशिका स्वतःलाच दोष देतो."

दुकानात त्यांनी ब्रश पाण्यात बुडवून झटकले. ज्याचं टोक सुईसारखं जुळलं तो एकच घेतला. चोवीस रंगांची पेटी बाजूला सारून तीनच रंग घेतले, पण अस्सल. सोबत थोडा सुती, म्हणजे कापसापासून केलेला कागद. घरी येऊन मला आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"आधी नुसतं पाणी फिरवा. आता निळा सोडा. आणि हात काढा."

मी हात काढला. निळा त्या ओल्या कागदावर आपला आपण चालू लागला. खाली येता येता फिका झाला आणि जिथे संपला तिथे उजेड पडला. इतक्या वर्षांत मी इतकं सुंदर काही केलं नव्हतं.

"मालूताई, हे मी केलं?"

त्या कागदाकडेच बघत होत्या.

"आमच्या ह्यांनाही फार हौस होती," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, आधी साधं आणा, जमतंय का बघू. बसायचे बिचारे खिडकीत. मग एक दिवस पेटी मिटली आणि म्हणाले, आपला हात नाही मालू. मी म्हटलं, असू दे. ते गेल्यावर भाचीने मला चांगला कागद आणून दिला. विरंगुळा म्हणून पहिला रंग लावला आणि मला कळलं."

आकाश वाळेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"रोज येत जा. हवा तेवढा कागद नासवा. फक्त माझ्या घरात 'हात नाही' म्हणू नका."