जांभळी जीभ

ऊर्जानगरात कंपनीच्या बसमध्ये चढताना लोक पास दाखवायचे, आमचे शेजारी धनराजभाऊ जीभ दाखवायचे. जांभळीगर्द! "पाह्य बाप्पा, आजचा डोस झाला!" ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत प्रदर्शन. सकाळी सकाळी कुणाची जीभ बघायची मला मुळीच हौस नाही, पण शेजार पडला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वहिनींना साखर, बीपी, चरबी आणि पोटाचा घेर असं सगळं एकदम निघालं. लगेच भाऊंनी जाहीर केलं, "मलेही हायेत! चारी धाम घरीच झाले." भाऊंचं पोट तर पाठीला लागलेलं. विचारलं, तर म्हणाले, "माझं आतून वाढून राह्यलं."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला लावलं आणि गोडधोड सोडून जांभळं, बोरं, आवळे खा म्हणाले. झालं! जांभळांच्या दिवसांत भाऊ दर रविवारी स्कूटरवरून चिमूरकडच्या गावी जात आणि तलावाच्या पाळीवरची जांभळं पिशवीभर आणत. "रक्ताची नळी म्हंजे तलावाचा पाट. गाळ साचला का वावर सुकलंच!" हे व्याख्यान मला तोंडपाठ झालं होतं. एका लग्नात तर वाढप्यानं जिलेबी आणली, तेव्हा या गृहस्थानं खिशातून बोरं काढून वहिनींच्या आणि स्वतःच्या पानात वाढली. यजमान बघतच राहिला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी कंपनीत तपासणी झाली. नर्सबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धनराजभाऊ, तुम्हाले तं काईच नाई! ना साखर, ना बीपी."

"हळू बोला ना बाई!" भाऊ कावरेबावरे झाले.

मी उखडलोच. बाहेर गाठून विचारलं, "मग आम्हाला रोज जीभ काऊन दाखवली?"

भाऊ खाली बघत म्हणाले, "तुह्या वहिनीचे पाय बधिर पडून राह्यले होते गा. मी लय भेलो. पथ्य पाळ म्हटलं तं रडे. घरातले सारे गोड खातीन, मी एकटीनंच काऊन असं खावं, म्हने. मंग मीही बिमार झालो. आता समोर बसून खातो, तवा तिच्या पोटात जाते."

"बरं, तुम्हाला जांभळं आवडतात तरी!"

"कुठी? जनमात नाई आवडली. घसा धरते. पन तिले सांगू नको."



दुसऱ्या दिवशी बसमध्ये जीभ निघालीच. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी ताडकन उठलो.

"हसता काय? नीट पाहा! हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो!"