म्हशीच्या भावकीतलं अंडं

निजामाच्या अमलात लातूरचे वीरण्णा मास्तर सरकारी मदरशात उर्दूतून जनावरांची माहिती शिकवत आणि घरी आल्यावर तीच मराठीतून. (मदरशातली पोरं छडीच्या भीतीनं तरी ऐकायची. घरी छडीची सोय नव्हती.)

उदगीरचे तुपाचे व्यापारी मलप्पा बायको-मुलासकट मास्तरांच्या लेकीला, महानंदाला, बघायला आले, त्या दिवशी मास्तरांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, त्यांना बजावलं, "आज जनावराचं नाव काढायचं न्हाई. औशाचे पाहुणे तुमच्या वटवाघळाच्या बाळंतपणापायीच उठले."

"त्यांना उशीर झाला होता."

"पानावरून उठले! भात तसाच ऱ्हायला!"

मुलगी बघून झाली. मुलगा गुरुपादप्पा तिला आवडलाय, हे दारामागच्या बांगड्यांवरून कळतच होतं. आता मलप्पांच्या हातात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी होती, वर पांढरंशुभ्र दूध. गोड तोंडात गेलं की होकार. बैठक चिडीचूप. ती शांतता मास्तरांना सोसवेना. एकच वाक्य बोलावं, असं त्यांनी ठरवलं.

"दूध ही मोठी अजब चीज हाय," मास्तर म्हणाले. "ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस म्हणून जनावर हाय. अंडी घालतं अन् पिल्लांना दूधबी पाजतं."

वाटी मिशांपाशी थबकली.

"अंडं अन् दूध? एकाच जनावराचं?"

"हाव! अन् सडच न्हाईत त्याला. दूध घामावाणी कातडीतून पाझरतं, पिल्लं चाटून घेतेत."

"मग धार कशी काढतेत?" मलप्पांच्यातला व्यापारी जागा झाला.

"कुणी काढतच न्हाई."

"हे तुम्हाला काय ठाऊक? तिथलं तूप हितं येत न्हाई कशावरून?" मलप्पांनी वाटीत डोकावून बघितलं. "मास्तर, गळ्यात लिंग हाय माझ्या, अंडं चालत न्हाई. हे दूध कुणाचं?"

'म्हशीचं' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण अर्धवट सांगणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं.

"म्हशीचं. पण शास्त्रानं बघितलं, तर म्हैस अन् प्लॅटिपस एकाच खानदानातले."

वाटी खाली आदळली. "म्हंजी म्हशीच्या भावकीत अंडं हाय! अन् मी जलमभर तूप विकून राहिलो!"

दारामागच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. मास्तरांना घाम फुटला. (प्लॅटिपसच्या दुधासारखाच, सगळीकडून.)

"लांबची भावकी हो! अंडीवाले येगळे, पिशवीवाले येगळे, म्हैस येगळी."

"पिशवीवाले कोण?" मलप्पांच्या बायकोनं, रुद्राणीबाईंनी, विचारलं.

"कांगारू. पिल्लू जन्मतं शेंगदाण्याएवढं. ते आईच्या पोटावरच्या पिशवीत शिरतं अन् तिथंच पिऊन वाढतं. चांगलं उड्या मारायला लागलं, तरी जरा भ्यालं की पुन्हा पिशवीत!"

रुद्राणीबाईंनी लेकाकडं पाहिलं. "अगं बया, ह्यो तर आमचा गुरुपादप्पाच! मिशा फुटल्या, तरी टोपी मीच घालून देते."

गुरुपादप्पा कानापर्यंत लाल झाला. दारामागून फिसकन हसू आलं. ते ऐकून तोही हसला, आणि बापापुढची वाटी उचलून त्यानं हुग्गी सपासप संपवली. आईला न विचारता केलेलं हे त्याचं पहिलंच काम.

"निघालं बाई पिशवीतून!" रुद्राणीबाईंनी कपाळाला हात लावला. "आवं, धरा आता. पुन्हा शिरायच्या आत लगीन लावा!"

मलप्पांना माघार घेता येईना. तरी माल पारखल्याशिवाय उचलतील तर ते मलप्पा कसले? ते शिवकांताबाईंकडं वळले.

"ताई, एवढंच सांगा. पोरगी बापावर तर गेली न्हाई ना?"

"छे हो! हिच्यात ह्यांचं काही म्हणजे काहीच न्हाई."

सगळ्यांच्या नजरा मास्तरांवर. लेकरात बाप निम्मा उतरतो, हा त्यांचा आवडता धडा. मास्तरांनी तोंड उघडलं. शिवकांताबाईंनी डोळे वटारले. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच शास्त्र गिळलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "आमची सगळी गल्ली हेच म्हणती."