लहू परबांची सही

लहू परब सही देत नसत! लालबागच्या चाळीत एकवीस वर्षं सेक्रेटरी, आणि त्यांच्या एका सहीसाठी तीन बिल्डर जिने झिजवून गेले होते. कुरिअरवाल्याच्या कागदावरही सही करायची ती त्यांची बायको तुळसा!

त्यामुळे रुचिका नावाची नर्स रबरी धड घेऊन दारात आली, तेव्हा लहूंच्या भुवया छपराला लागल्या. बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला कसं वाचवायचं, ते ती शिकवणार होती.

"फुकट?"

"हो काका. समोरच्या टॉवरमध्ये तीनदा झालं. चाळीत एकदाही नाही, म्हणून आले."

"आणि बदल्यात?"

"काही नाही. फक्त हजेरीच्या कागदावर सही."

झालं! वर हजेरी, खाली रिडेव्हलपमेंटची संमती. बिल्डरची सगळी लबाडी लहूंच्या लख्ख ध्यानात आली.

"पण शिकूक व्हया," तुळसा म्हणाली. "लवू नळावर पडलो तेव्हा आपण काय केलां? कांदो हुंगवलो!"

लवू मेस्त्री म्हणजे लहूंचा बालमित्र, त्या दिवशी नळावरच गेला. मग लहूंनी डोकं लढवलं. शिकायचं, पण सही करायची मेलेल्यांच्या नावाने! मेलेल्याची संमती कुठल्या कोर्टात चालते?

रविवारी सत्तावीस जणांनी घाम गाळला. तुळसा तर मसाला कुटावा तशी धड दाबत होती. लहूंनी कागद जातीने फिरवला, प्रत्येकाकडून एकेका मेलेल्याची सही घेतली आणि स्वतः वडिलांच्या नावाने सही केली, आनंदा परब.

पुढच्या रविवारी रुचिका प्रमाणपत्रं घेऊन आली. सोबत तिचे साहेब. चाळ नीट शिकली असेल तर धड सरावासाठी इथेच राहणार होतं, नाहीतर परत टॉवरला.

"आनंदा परब!" साहेबांनी पुकारलं.

"वारले," कोणीतरी पुटपुटलं.

"अरेरे! बकुळा सावंत?"

"त्याही वारल्या."

दहाव्या नावाला साहेब रुचिकाकडे वळले. "आठवड्यात सगळे गेले? तुम्ही शिकवलंत तरी काय?"

रुचिका रडकुंडीला आली. साहेब धड पिशवीत कोंबू लागले. कोंबता कोंबता त्यांनी शेवटचं नाव वाचलं, "लवू मेस्त्री!"

लहू उठले.

"तो आमच्या डोळ्यांसमोर गेला, साहेब. पंधरा जण उभे होतो, एकालाही काय येत नव्हतं. ह्या पोरीची चूक नाय, मेलेल्यांच्या नावाने सह्या करायची अक्कल माझी. पण ते धड नेऊ नका."

साहेब विरघळले. "मग तसं लिहून द्या. तुमच्या सहीनिशी."

लहूंनी मजकूर लिहिला. कागद उजेडाला धरला, पाठपोट तपासला, आणि डोळे मिटून सही ठोकली!

साहेबांनी धड बाहेर काढलं, कागद हातात घेतला आणि चमकले.

"काका, हे आनंदा परब वारले होते ना?"

लहूंनी जीभ चावली. एकवीस वर्षांत हाताला तेवढी एकच सही ठाऊक!

"बघा, साहेब," तुळसा म्हणाली, "तुमी शिकवलेलां फुकट नाय गेलां!"