बसलेलं गाणं, उभे व्याही

"अवो, काय गुनगुनून राहिले तुमी? परवा लेकीचं लगीन हाय, जरा तोंड आवरा!"

मनकर्णाबाईंनी ओट्यावरून असं खडसावलं तेव्हा उत्तमराव अंगणात हळदीच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी लावत होते. आपण काही गुणगुणतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी ओठ बंद करून कानोसा घेतला. गाणं चालूच होतं, फक्त आता ते आतल्या आत वाजत होतं.

उत्तमराव म्हणजे कुरुंद्याचे मंगलाष्टकवाले. गावात लग्न कुणाचंही असो, पहिली मंगलाष्टकं भटजींनी म्हणायची आणि मग माइक उत्तमरावांच्या हाती द्यायचा, असा वीस वर्षांचा रिवाज होता. डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून ते असा काही सूर लावत की आचारीसुद्धा झारा बाजूला ठेवून ऐकत राही. या गळ्याचा त्यांना अभिमान होताच, पण त्याहून मोठा अभिमान होता तो त्यांनी स्वतः शोधून काढलेल्या एका सिद्धांताचा.

"मानूस काय बोलतो त्याच्यावर जाऊ नका," ते पारावर सांगत. "आंगोळ करताना काय गुनगुनतो ते ऐका. डोक्यात जे गानं बसतं, तेच त्याच्या जिंदगीचं खरं असतं."

या सिद्धांतावर त्यांनी निम्मं गाव तोलून ठेवलं होतं. ग्रामसेवक विरहाची गाणी गुणगुणतो म्हणजे त्याचं घरात पटत नाही. दूधवाला पावसाची म्हणतो म्हणजे दुधात पाणी आहेच. लेकीला, मंजुषाला, सांगून आलेलं एक चांगलं स्थळ तर त्यांनी एवढ्यासाठीच परत पाठवलं होतं, की मुलगा मोरीवर हात धुताना तमाशातलं काहीतरी पुटपुटला. "आणि तुमच्या डोक्यात काय असतं?" असं कुणी विचारलं की उत्तमराव छाती फुगवून म्हणत, "मंगलाष्टक. दुसरं काहीच न्हाई."

अशा माणसाच्या डोक्यात मूळव्याधीच्या चूर्णाची जाहिरात जाऊन बसली होती.

झालं होतं असं. सन अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात, लग्नाच्या तीन दिवस आधी, 'आसनसुख चूर्ण' विकणाऱ्या फुलसिंगची जीप नेमकी उत्तमरावांच्या दारासमोर स्प्रिंगचा पाटा तुटून बसली. सामान यायला दोन दिवस लागणार होते. पण फुलसिंग धंद्याला पक्का. गाडी बंद असली म्हणून तोंड बंद ठेवणारा तो नव्हे. टपावरच्या भोंग्यातून त्याची कॅसेट सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू. आणि लोकांनी हमखास थांबून ऐकावं म्हणून त्या चूर्णवाल्यानं आपली जाहिरात चक्क मंगलाष्टकाच्या चालीत बसवली होती:

"बैसाया न मिळे सुखे क्षणभरी, पाटावरी आसनी,
खुर्चीला बघुनी भये थरथरे, डोळ्यांपुढे चांदणी,
मूळव्याधि मुळातुनी उपटिते, हे चूर्ण खावे झणी,
घ्या हो आसनसूख, बैसुनि रहा, बंधूंनो, सावधान!"

पहिल्या दिवशी उत्तमराव भोंग्याकडे बघून संतापले. "अरे, देवाब्राह्मनांची चाल ही! हिच्यात मूळव्याध घातली? लाज न्हाई वाटत?" दुसऱ्या दिवशी संताप ओसरला आणि कवीनं मात्रा बरोबर बसवल्या आहेत, हे त्यांच्यातल्या जाणकारानं मनातल्या मनात मान्य केलं. तिथंच घात झाला. तिसऱ्या दिवशी जीप दुरुस्त होऊन भोंगा बंद पडला, तरी उत्तमरावांच्या डोक्यातली कॅसेट काही बंद होईना. त्यांनी हरिपाठ म्हणून पाहिला, विहिरीवर जाऊन डोक्यावर गार पाण्याच्या चार बादल्या ओतल्या. पाचव्या बादलीला ते स्वतःच मोठ्यानं म्हणाले, "बंधूंनो, सावधान!"

लग्नाच्या दिवशी सकाळी शिरड शहापूरहून वऱ्हाड आलं. नवरा मुलगा विजयकुमार पाटबंधारे खात्यात होता, सरळ आणि हसऱ्या तोंडाचा. त्याचे वडील मुंजाजीराव मात्र बडं प्रस्थ. ते टेम्पोच्या हौद्यात दांडी धरून उभे होते. टेम्पो थांबला, तरी ते बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग एकेक पाय जपून टाकत खाली उतरले.

"या इवाई, या, बसा!" उत्तमराव गादीकडे हात करून म्हणाले.

"असू द्या. उभाच बरा हाय."

उत्तमराव चपापले. वराचा बाप मुलीकडच्या मांडवात उभा राहतो याचा आपल्याकडे एकच अर्थ असतो: काहीतरी बिनसलं आहे, आणि ते काय ते तुम्ही ओळखायचं. सुपारी फुटली त्या दिवशी हेच मुंजाजीराव दोन तास मांडी ठोकून बसले होते आणि तीन वेळा चहा प्याले होते.

"गादी पसंत पडली न्हाई वाटतं," मनकर्णाबाई कुजबुजल्या. "खुर्ची आना."

लोखंडी खुर्ची आली. मुंजाजीरावांनी तिच्याकडे पाहून डोळे मिटून घेतले. लोखंडी खुर्चीनं अपमान वाढला असं समजून ग्रामपंचायतीतली सरपंचांची हातांची खुर्ची आणली. "असू द्या," मुंजाजीराव म्हणाले. मग रुखवतात मांडलेला, अजून प्लास्टिकसुद्धा न काढलेला सोफा चौघांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवला. मुंजाजीरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तोंड फिरवलं.

आता मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं फेटा हलका पडला. कुणी म्हणालं मानाचा नारळ आधी मामाला दिला, तिथं चुकलं. उत्तमरावांनी वसमतला माणूस धाडून जरीचा फेटा मागवला. तो मुंजाजीरावांनी मान पुढं करून बांधून घेतला आणि पुन्हा उभेच. व्याही उभे म्हणून वधूपिता उभा, वधूपिता उभा तर वधूकडचे सगळे उभे, आणि यजमान उभे म्हटल्यावर वऱ्हाड तरी कसं बसणार? भर वैशाखात आठशे माणसं सतरंजीवर उभी होती.

"अवो, पाया पडून विचारा एकदा," मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या हे मानूस लेकीला बी असंच तोंड फिरवून दाखवंल."

उत्तमरावांनाही तीच भीती होती. मंजुषा त्यांची एकुलती एक. ते विचारायला निघाले, तेवढ्यात मुहूर्ताची घाई झाली, अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हणून माइक त्यांच्या हातात दिला.

उत्तमरावांनी ठरवलं, आता गळाच आपल्याला तारेल. लेकीसाठी स्वतः रचलेलं मंगलाष्टक असं म्हणायचं की व्याह्यांनी विरघळून खालीच बसावं. त्यांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला.

"आली मंगल वेळ ही, जमुनि हो सारे सखे सोयरे…"

पुढची ओळ होती, 'बैसावी विजयासवे मुलगि ही, संसार-सिंहासनी.' उत्तमरावांनी 'बैसा' एवढं म्हटलं आणि जीभ रूळ बदलून गेली.

"बैसाया न मिळे सुखे क्षणभरी, पाटावरी आसनी…"

डोळे मिटलेले होते, सूर लागलेला होता. खुर्ची झाली, चांदणी झाली, मूळव्याध मुळातून उपटली गेली. "बंधूंनो, सावधान!" असं त्यांनी तार सप्तकात म्हटलं, आणि सावधान ऐकल्यावर हात उचलायची सवय असलेल्या आठशे माणसांनी अक्षता टाकल्या. बँडवाल्यानंही झांज वाजवली.

मग उत्तमरावांनी डोळे उघडले. मंजुषा अंतरपाटाआड थरथरत होती. ती रडतेय की हसतेय, कळायला मार्ग नव्हता. भटजींनी प्रसंगावधान राखून माइक काढून घेतला आणि उरलेली मंगलाष्टकं एका दमात उरकली. मुंजाजीरावांचा चेहरा मात्र तांबडालाल झाला होता. माळा पडताच त्यांनी उत्तमरावांचं मनगट धरलं आणि त्यांना मांडवामागं, हळद शिजवायच्या कढईजवळ नेलं.

उत्तमरावांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी व्याह्यांच्या पायावर ठेवला. "इवाई, चुकलं. मला जोडे मारा, पन लेकीवर राग काढू नका."

"अवो उठा, उठा! मला वाकता येत न्हाई, तुमाला उठवू कसा?" मुंजाजीराव कळवळून म्हणाले. मग इकडंतिकडं बघत त्यांनी आवाज खाली आणला. "तुमाला कोनी सांगितलं?"

"काय?"

"हेच. म्या तर घरात बी कोनाला सांगितलं न्हाई. पंधरा दिवस झाले, जीव नुसता चालला. बसावं तर इंगळावर बसल्यावानी. पोराच्या लग्नात सांगावं तरी कसं?"

उत्तमरावांना सकाळपासूनच्या खुर्च्या एकेक करून आठवल्या. फेटा हलका नव्हता, नारळही चुकला नव्हता. त्यांना हसू यायला लागलं होतं, तोच मुंजाजीरावांचा चेहरा बदलला.

"म्हंजे… कोनी सांगितलं न्हाई? मग आठशे मानसांत तुमी माझी थट्टा केली?"

हसू जागच्या जागी विरलं. खरं सांगावं, की जाहिरात आहे हो, डोक्यात बसली होती? कोण विश्वास ठेवील? लेकीला जन्मभर या माणसाच्या घरात राहायचं होतं. उत्तमराव चुळबुळत या पायावरून त्या पायावर झाले. ते बघून मुंजाजीरावांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला.

"समजलो," ते हळव्या आवाजात म्हणाले. "तुमाला बी हाय."

उत्तमरावांनी मांडवाकडे पाहिलं. मंजुषा मुंडावळ्या सावरत इकडेच बघत होती.

"व्हय," ते म्हणाले. आणि एवढ्यानं भागणार नाही असं वाटून पुढे म्हणाले, "धा वर्सं झाली."

"धा वर्सं!" मुंजाजीरावांनी त्यांना मिठीच मारली. "आन मी पंधरा दिवसांत रडून राहिलो! तरीच म्हनलं, एवढं पाठ कसं? ज्याचं दुखतं त्याच्याच तोंडात असलं गानं बसतं, इवाई. आयत्या वक्ताला मानूस खरंच बोलतो."

स्वतःचाच सिद्धांत असा दुसऱ्याच्या तोंडून आपल्यावर उलटलेला उत्तमरावांनी मुकाट्यानं ऐकला. पंगतीच्या वेळी मुंजाजीरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून जाहीर केलं, "आमी दोघं इवाई उभ्यानंच जेवनार." दोघांनी हातात ताट घेऊन उभ्यानं बुंदी खाल्ली. उभ्यानं जेवणारे व्याही आणि मघाचं मंगलाष्टक यांची सांगड घालायला कुरुंद्याला किती वेळ लागतो? वाढपी कढी घेऊन आला, तोच सरपंच कानाशी येऊन हिंगोलीच्या वैद्याचा पत्ता सांगून गेले.

"अवो," मनकर्णाबाईंनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, "तुमाला कवापासून?"

"दुपारपासून," उत्तमराव म्हणाले.

आखाडात ते लेकीला माहेरी आणायला शिरड शहापूरला गेले. मनात धाकधूक होती, पण ओसरीवर पाय ठेवताच दिसलं, की मंजुषाचं अंग भरलंय आणि सासरा तिला 'माय' म्हणून हाक मारतोय. मुंजाजीराव नांदेडच्या डॉक्टरकडून कधीच बरे होऊन आले होते आणि ऐसपैस मांडी घालून बसले होते. उत्तमरावांसाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून, वर गोधडी घालून खास आसन तयार ठेवलं होतं. जेवायला सगळ्यांच्या ताटात आखाडाचं झणझणीत मटण पडलं. उत्तमरावांच्या ताटात मुगाची खिचडी आणि ताक.

"तुमाला तिखट जहर हाय, मला मालूम हाय," मुंजाजीराव मायेनं म्हणाले आणि नळीचं हाडूक फोडू लागले.

मंजुषा ताक वाढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "आबा, सांगू का खरं काय ते? तुमचे हाल बघवत न्हाईत."

"गप," उत्तमराव पुटपुटले. "इवाई तुला माय म्हनतेत. मला खिचडी गोड लागून राहिली." आणि खोटं नव्हे, त्या घासाला त्यांना खरोखरच भरून आलं. ट्यूबवर डुलत डुलत त्यांनी आणखी खिचडी मागून घेतली.

हात धुऊन झाल्यावर मुंजाजीरावांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "इवाई, तुमाला न विचारता एक काम केलं, रागवू नका. मी बरा झालो आन तुमी धा वर्सं सोसता, मला काई झोप येईना. नांदेडच्या डॉक्टरकडं तुमचं नाव लावून आलो. येत्या सोमवारी आपरेशन. मी सोता संगं येतो."

उत्तमरावांच्या पायाखालची जमीन आणि बुडाखालची ट्यूब एकदमच हलली. त्यांनी दाराकडे पाहिलं. मंजुषा तोंडात पदर कोंबून उभी होती.

"सोमवारी?" ते कसेबसे म्हणाले. "सोमवारी जमायचं न्हाई, इवाई. नागनाथाचा उपास असतो मला."

"मग बराबरच हाय की," मुंजाजीराव खुलून म्हणाले. "उपाशीपोटीच करतेत."