अनसूयाबाईंच्या कच्च्या पुरणाची हकिकत

श्री. जी पाताळातून वर येते, टाकीत विसावते आणि तोटीतून उतरते त्या जलमाउलीस आधी दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास; ते समयी राज्यात जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहिले असे. तिखटमीठ लाविले नाही. क्षार आमच्या पाण्यातच पुष्कळ होते.

राज्य थोर. बारा इमारती, तीनशे चाळीस चुली, एक उंच टाकी आणि टाकीस पाणी बोअरचे. पाणी कसले, पातळ दगडच तो! साबण झिजावा परी फेस न यावा, बादल्या पांढऱ्या पडाव्या, गीझर वर्षात दगावावा आणि न्हालेल्या केसांचा काथ्या व्हावा. तरी रयत मोठी मानी. पाहुणा उंबऱ्यात आला की त्यास नळाचे पाणी देणे म्हणजे घराण्यास बट्टा. विकतच्या जारचे पाणी पितळी तांब्यात ओतून द्यावे, ऐसी या राज्याची चाल आणि चालीचा अभिमान भारी. याच राज्यात अनसूयाबाई ढोबळे नांदत होत्या. तीस वर्षे राज्याच्या पंगती त्यांच्या हातच्या आणि त्यांचे पुरण म्हणजे काय सांगावे! जिभेवर ठेवावे तो विरघळावे. शेजारच्या तीन राज्यांतून बोलावणी येत आणि बाई मान ताठ करून जात. डाळ त्या जारच्याच पाण्यात शिजवीत, हे सर्वांस ठाऊक आणि कोणी बोलत नसे.

मग ऐसे जाहले की, वरिष्ठ पाणीदरबाराने धरणाच्या गोड्या पाण्याची वाहिनी राज्यास देऊ केली, परंतु आधी पाणी तपासावे, जड निघाले तरच वाहिनी, ऐसा ठराव केला आणि जलपरीक्षक विश्रामपंत पोंक्षे यांस अकरा बाटल्या देऊन रवाना केले. राज्याचे प्रधान दाजीसाहेब उंब्रजकर यांनी वेशीवर हार घातला आणि घरोघर नेले. आता घात पाहावा! पंतांनी बाटली पुढे करावी, तो घरधनिणीने म्हणावे, "अगोबाई, तुम्ही कशाला उठता? बसा, मी आणते भरून," आणि आत जाऊन हातच्या सवयीने जारातून भरून आणावी. अकरा घरी अकरा बाटल्या ऐशाच भरल्या. अनसूयाबाईंनीही भरली आणि वर दोन लाडू दिले. पंधरा दिवसांनी खलिता आला: राज्याचे पाणी मृदु, निर्मळ, अत्युत्तम, सबब वाहिनीची गरज नाही.

तेव्हा राज्यात एकच हलकल्लोळ उडाला. दाजीसाहेब डोके धरून बसले. घरोघर बायका एकमेकींची तोंडे पाहू लागल्या आणि मग हळूच जाराकडे पाहू लागल्या. खरे सांगावे तर आम्हीच आमचे पाणी चोरले, परी म्हणावे कोणी? दाजीसाहेबांनी चार अर्ज धाडिले, तेव्हा पंत फाल्गुनात एकवार येऊन जातो म्हणाले, तेही नाखुशीने. मग दाजीसाहेब अनसूयाबाईंकडे गेले आणि बोलिले, "बाई, आता सारी भिस्त तुमच्या पुरणावर. पाहुण्याचं पोट गार झालं की कलम आपोआप फिरतं. असं करा की पंत बोटं चाटत राहिले पाहिजेत!" बाई "बरं" म्हणाल्या.

परंतु बाईंच्या जिवास चैन पडेना. नातीच्या डोईत खाजेचे चट्टे उठले होते, ती न्हाणीघरात शिरताना रडे. वाहिनी गेली तर त्या पोरीने जन्मभर हेच पाणी डोईवर घ्यायचे. आणि दुसऱ्या अंगास तीस वर्षांचे नाव. बाईंनी पातेले हाती घेतले, जाराकडे पाहिले, आणि काय मनात आले देव जाणे, पातेले नळाखाली धरिले. डाळ कुकरात घातली. सात शिट्ट्या जाहल्या, बारा जाहल्या, डाळ आपली जशीच्या तशी! सोडा घालावा म्हणून हात डब्याकडे गेला, तो मागे घेतला. पुरणयंत्राची मूठ फिरवता खांदा भरून आला आणि खाली पडली ती नुसती रवाळ कणी. ते पाहून बाईंचे डोळे भरले. तरी पोळ्या लाटल्या, फाटल्या त्याही वाढल्या.

पंगत बसली. पंतांनी घास घेतला आणि कर्रकन आवाज जाहला. साऱ्या मंडपाने तो ऐकला. दाजीसाहेब पांढरेफटक पडले आणि कुजबुजले, "बाई! नाक कापलंत आमचं!"

"तुमचं कशाला, माझं कापलंय," बाई सर्वांदेखत म्हणाल्या. मान ताठच होती. "पंत, ही डाळ नळाच्या पाण्यात शिजली. मागल्या खेपेस तुमच्या बाटल्यांत गेलं ते जारचं. लबाडी नव्हती हो ती. पाहुण्याला नळाचं द्यायला आम्हाला लाज वाटते, म्हणून गेलं. अकरातली एक बाटली माझीच होती."

तो दुसरी उठली, "माझीही," म्हणाली, आणि तिसरी उठली, आणि ऐशा अकराही उठल्या. पंतांनी तोंडातली डाळ कशीबशी गिळली, हात धुतला आणि तपासणीची पेटी घेऊन स्वतः नळाशी गेले. बाटलीत पाणी धरिले, औषध टाकिले, पाणी लाल जाहले. ते निळे होईतो दुसऱ्या औषधाचे थेंब मोजावयाचे, जितके थेंब तितके पाणी जड. मागे आठ लागले होते. राज्य श्वास रोधून मोजीत होते. बावन्नाव्या थेंबास पाणी निळे जाहले आणि पंत बोलिले, "बाई, या पाण्यात तुम्ही इतकी वर्षं संसार केलात? शर्थ आहे तुमची!" तिथेच कागद मागवून आधीचा निकाल रद्द लिहिला आणि खाली सही केली.

पुढल्या कार्तिकात वाहिनी आली. उद्घाटनास पंत आले, उन्हाचे आले, घामाघूम. दाजीसाहेब सवयीने ओरडले, "अहो, जार आणा!" परंतु अनसूयाबाई पुढे जाहल्या, पितळी तांब्या घेतला, साऱ्या रयतेदेखत नळाखाली धरिला, काठोकाठ भरिला आणि पंतांच्या हाती दिला. पंत घटाघटा प्यायले आणि त्यांनी आणखी मागितले.

येणेप्रमाणे हकिकत. राज्यास पाणी मिळाले ते धरणाचे, परंतु आणिले अनसूयाबाईंनी. त्यांचे पुरण आता पुन्हा जिभेवर विरते आणि नात रोज गाणी म्हणत न्हाते. बाईंना मात्र कोणी सुगरण म्हणाले की त्या आपल्या कच्च्या पुरणाची गोष्ट आधी सांगतात.