तांदळाले रंग चढत नाई

अश्वजित सरांचे हात कधी एका जागी राहत नसत. हजेरी घेता घेता ते खिडकीची कडी लावून बघत, फळा पुसता पुसता डस्टरचा सुटलेला खिळा ठोकून घेत, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण पिरगाळत राहत. शाळेचा शिपाई इतवारी म्हणायचा, "सर, तुमचे हात बांधून ठेवले तं तुमाले बोलताच येनार नाई." धानोऱ्याच्या पलीकडे, बांबूच्या रानाला खेटून असलेल्या त्या हायस्कुलात सर विज्ञान शिकवायला आले, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. शिक्षणसेवकाची मुदत संपत होती. आता कायम व्हायचं की पिशवी उचलून सावली गावच्या घरी जाऊन बसायचं, हे एका सहीवर येऊन ठेपलं होतं.

ती सही गुणवंतरावांची. गुणवंतराव संस्थेचे सचिव. फुकट सही करण्याची त्यांना सवय नव्हती, पण पैशाला मात्र ते हात लावत नसत, आणि त्याचं कारण पोचूच्या पानठेल्यावर बसून कोणालाही सांगत. पेपरात कुठल्याशा बाबूला लाच घेताना पकडल्याची बातमी आली, की ते ती मोठ्यानं वाचून दाखवत. नोटांना पावडर लावलेली होती, बाबूचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले, हात गुलाबी झाले, दोन पंचांसमोर पंचनामा झाला.

"येडा आहे लेकाचा," गुणवंतराव तळहातावर तंबाखू घोटत म्हणत. "नोट घ्याची कायले? जिन्नस घ्याचा. तांदळाले रंग चढत नाई."

या तत्त्वानुसार गणिताच्या सरांचा बोकड त्यांच्या गोठ्यात होता आणि चित्रकलेच्या सरांचं घड्याळ त्यांच्या भिंतीवर. अश्वजित सरांचा कायम करण्याचा प्रस्ताव तयार झाला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या सावलीकडं चिन्नोर झकास पिकते म्हन्ते?"

सर त्या रविवारी घरी गेले. आई बायनाबाईनं कोठीतला चिन्नोर तांदूळ काढून पोत्यात भरला. वडील रामाजी ओसरीवरून बघत होते.

"पोरांले खरं बोलाचं शिकोते, आन् साहेबाले तांदूळ पोचोते," ते म्हणाले.

"एकदाचा कायम होऊ द्या त्याले," बायनाबाई म्हणाली. "मंग दोघं बापलेक मिळून खरं बोला."

रामाजींनी पोत्याचं तोंड इतकं करकचून बांधलं की त्यांना काय म्हणायचं होतं ते सरांना कळलं. सरांना लाज वाटली. पण लाजेनं नोकरी कायम होत नाही, असं स्वतःला समजावत ते सोमवारी पोत्यासकट पहिल्या बसमध्ये चढले.

प्रस्ताव त्याच दुपारच्या बसनं इतवारीबरोबर वरच्या कार्यालयात जायचा होता. उशीर झाला तर मुदत टळली. त्यामुळे सकाळपासून सरांचे हात नेहमीच्या दुप्पट चालत होते. त्यांनी पोतं विज्ञानाच्या कपाटाशेजारी टेकवलं, गाठ फारच घट्ट वाटली म्हणून ती सैल केली, मग सैल वाटली म्हणून पुन्हा आवळली, आणि नववीच्या तासाला उभे राहिले. धडा होता आम्ल आणि आम्लारी.

गडचिरोलीच्या प्रशिक्षणात सरांनी एक गोष्ट मनावर घेतली होती. विज्ञान वाचून दाखवायचं नाही, करून दाखवायचं. तिथूनच त्यांनी एका पांढऱ्या पावडरीची पुडी आणली होती. नाव फिनॉल्फ्थॅलीन. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत हीच घालत, म्हणून तोंडाजवळ नेऊ नका, असं सांगून त्यांनी मुलांना खेळ समजावला. खेळाचं नाव 'चोर ओळखा'. पावडर खडूच्या डब्याला लावायची, सर बाहेर जाणार, मुलांनी ठरवलेल्या चोरानं डबा उचलून लपवायचा, मग सगळ्यांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हात बुडवायचे.

वर्ग खेळायला लागला. सर बाहेर व्हरांड्यात उभे राहून खांबाचा पोपडा खरवडत होते. आत आल्यावर एकेक हात घमेल्यात बुडू लागला. रीताची पाळी आली आणि तिचे तळवे जास्वंदीसारखे झाले.

"सर, मी डबा फक्त एका बोटानं उचलला होता," रीता हात पुढे धरून म्हणाली.

"चोर असंच म्हन्ते," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

वर्ग हसून लोटपोट झाला. आम्लारी म्हणजे काय, हे त्या वर्गातलं कोणीही आता जन्मात विसरणार नव्हतं. सर इतके खूश झाले की घंटा झाल्याचंही त्यांना उशिरा कळलं. एका हातात प्रस्तावाची फाइल, दुसऱ्या हातात सायकलची किल्ली, आणि उरलेली पुडी कुठे ठेवायची ते सुचेना. हात अडकलेले असले की तिसरी वस्तू जवळच्या भोकात खुपसायची, ही त्यांची जुनी खोड. जवळ पोत्याचं तोंड होतं. तिथे पुडी खुपसून, पोतं सायकलच्या कॅरिअरवर टाकून सर निघाले. रस्ता मुरमाचा होता. वाटेतच पुडी सुटली आणि पावडर निमूटपणे तांदळात उतरली. पांढऱ्यात पांढरं मिसळलं.

गुणवंतरावांनी पोतं ओसरीवरच उघडलं. मनगटापर्यंत हात घातले, ओंजळ भरून नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"असल चिन्नोर," ते म्हणाले. "दुपारी या मास्तर. फाइल ठेवून जा, सही करून ठेवतो."

सर गेले. गुणवंतरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी दुपारच्या भातासाठी सुपात तांदूळ घेतला. त्यात एक कागद निघाला, तो त्यांनी चुलीत टाकला. गुणवंतराव झोपाळ्यावर बसले, तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना बोटानं काढून तिच्यावर लावला आणि अंगठ्यानं घोटू लागले.

तंबाखूखालून तळहात गुलाबी झाला.

त्यांनी अंगठा उचलून पाहिला. तोही गुलाबी. तंबाखू झटकून त्यांनी हात धोतराला पुसले. धोतरावर गुलाबी बोटं उमटली. ते उठून मोरीवर गेले आणि साबणानं हात घासले. घासले तसा रंग चढत गेला.

"अवो," त्यांनी हाक मारली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मनकर्णाबाई तांदूळ निवडायचा सोडून सोड्यात कपडे भिजवायला बसल्या होत्या. त्या तशाच ओल्या हातांनी आल्या.

"अजी, काय झालं? हात कायनं रंगले?" असं म्हणून त्यांनी आपले हात पुढे केले, आणि चारही हात सारखेच दिसले.

"तुले बी धरलं," गुणवंतराव म्हणाले.

"मले कोनं धरलं? घरात तं कोनी नाई."

"हळू बोल. भायेर असतीन. मास्तरानं तांदूळ पेरला." ते मोरीच्या कठड्यावर बसले. "मी साऱ्या गावाले सांगत होतो, तांदळाले रंग चढत नाई म्हनून. कोनीतरी वरतं जाऊन सांगतलं वाटते."

"मी म्हनतच होती, बोकड नोका घेऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"बोकडाचं नाव नोको काढू."

तिकडे शाळेत सर दहावीसाठी पुडी शोधत होते. त्यांनी सगळे खिसे उलटे केले, कपाट उपसलं, टेबलाखाली वाकून बघितलं. वाकलेले असतानाच त्यांना आठवलं, आणि उठताना डोकं टेबलाला आपटलं. सचिवांच्या घरी दुपारचा भात शिजत असणार. भात पोटात गेला तर काय होईल, हे प्रशिक्षणात नीट सांगितलं होतं. कायम होण्याचं राहू दे, आता गावातून जिवंत निघणं महत्त्वाचं होतं.

"इतवारी, चाल. पोतं उचलाचं आहे," ते म्हणाले. पोतं जड होतं, म्हणून वाटेत पानठेल्यावरून त्यांनी पोचूलाही बरोबर घेतलं. काय झालं ते सांगायला दम नव्हता. तिघं जवळजवळ धावतच निघाले.

गुणवंतरावांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. पुढे मास्तर, मागे दोन माणसं.

"पंच घेऊन आला," ते म्हणाले.

सरांनी दार वाजवलं. "गुणवंतभाऊ, तांदूळ वापस पायजे. आहे तसा. त्याले आता कोनी हात लावू नोका."

दार उघडलं. गुणवंतरावांचे दोन्ही हात काखेत होते.

"भात शिजवला तं नाई ना?" सरांनी विचारलं.

"नाई."

"कोनी कोनी हात लावला?"

"मी नाई लावला. हिनंबी नाई."

"भाऊ, खरं सांगा. हे लपवून चालत नाई. आता नाई तं घंट्याभरानं, साऱ्यांसमोर भायेर येनारच आहे."

मागे पोचू खांबाला टेकून हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता, आणि त्याचं ते लक्ष देणं गुणवंतरावांना पंचासारखंच वाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी आपल्या घरचे मानूस. तुमची सही तं कवाच करून ठेवत होतो. फक्त पेन सापडत नोहता." त्यांनी काखेतून हात काढला, फाइल ओढली आणि उभ्या उभ्या सही केली. "हा तांदूळ इथी कोनं ठेवला, मले मालूम नाई. मी सकाळपासून वावरात गेलतो. घेऊन जा. बोकडबी घेऊन जा."

सरांनी फाइल घेतली. सहीच्या शेजारी, समासात, अंगठ्याचा स्वच्छ गुलाबी ठसा उमटला होता. सरांनी ठसा पाहिला, मग गुणवंतरावांचे हात पाहिले, मग झोपाळ्याशेजारी उघडी पडलेली चुन्याची डबी पाहिली. सगळं एकदम लख्ख झालं.

"भाऊ, घाबरू नोका," ते म्हणाले. "ते फिनॉल्फ्थॅलीन..."

"साहेबाचं नाव नोका सांगू," गुणवंतरावांनी हात जोडले. "मले कोनाचंच नाव ऐकाचं नाई."

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. फाइल हातात होती आणि बसची वेळ होत आली होती. त्यांनी तोंड मिटलं. इतवारीनं नंतर सांगितलं, की सरांचे हात एवढा वेळ न हलता राहिलेले त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

इतवारी बसमध्ये चढेपर्यंत ठसा फिकट झाला होता आणि धानोरा येईपर्यंत कागद पुन्हा पांढरा झाला. हवा लागली की हा रंग उडतो. सरांना ते ठाऊक होतं, गुणवंतरावांना नव्हतं. त्याच संध्याकाळी गणिताच्या सरांच्या दारात बोकड येऊन बांधला गेला आणि चित्रकलेच्या सरांना घड्याळ मिळालं, वर चावीही देऊन. चिन्नोर सरांनी शाळेमागे खड्डा करून पुरला. आईनं कोठीतून काढलेल्या त्या तांदळावर माती लोटताना त्यांना फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर कायम झाल्याचा आदेश आला. सर पेढे घेऊन घरी गेले.

"आवडला का साहेबाले तांदूळ?" बायनाबाईनं विचारलं.

"हातच सोडवत नोहता," सर म्हणाले. रामाजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि सरांनी उगाच पेढ्याच्या डब्याचं झाकण चारदा उघडबंद केलं.

सव्वीस जानेवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. प्रमुख पाहुणे गुणवंतराव. अलीकडे ते कोणाच्याच हातून काही घेत नसत. हारसुद्धा त्यांनी लांबूनच नमस्कार करून टेबलावर ठेवायला सांगितला. एकेक मांडणी बघत ते रीताच्या टेबलापाशी आले. घमेल्यात पाणी होतं आणि पाटी लावलेली होती, 'चोर ओळखा'.

रीता घडाघडा सांगू लागली. पावडर, आम्लारी, गुलाबी रंग. गुणवंतरावांची मान हळूहळू सरळ झाली.

"हे सोड्यानंच होते?" त्यांनी विचारलं.

"नाई जी. साबनानं होते. चुन्यानंबी होते."

"चुन्यानंबी," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "आन् पावडर तांदळात पडली तं?"

"दिसतच नाई जी. दोन्ही पांढरे."

इतवारीला ठसका लागला. गुणवंतराव सावकाश वळले आणि अश्वजित सरांकडे बघू लागले. आदेश आला होता. तक्रार करायची तर तांदूळ कशासाठी घेतला होता, हे सांगावं लागलं असतं. त्यांच्या तोंडावर हा सगळा हिशेब येऊन गेलेला सरांना दिसला.

"साहेब, तुमी बुडवा ना हात," रीता म्हणाली.

गुणवंतरावांनी दोन्ही हात खिशात घातले. "पयले तुमचे सर," ते म्हणाले.

मुलांनी लगेच गलका केला. सर पुढे झाले. सकाळपासून प्रत्येक टेबल त्यांनीच मांडलं होतं, प्रत्येक बाटली, प्रत्येक पुडी उचलून पुन्हा ठेवली होती. ते त्यांना आठवलं, पण तोवर हात पाण्यात गेले होते. हात गुलाबी झाले, मनगटापर्यंत.

"चोर, चोर," मुलं ओरडली. सगळ्यांत मोठ्यानं गुणवंतराव हसले. हसता हसता ते सरांच्या कानाशी वाकले.

"मास्तर, घेनाऱ्याचे रंगते हे मले मालूम होतं. देनाऱ्याचेबी रंगते, हे आज समजलं."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. रीतानं अर्धं लिंबू पुढे केलं. "सर, हे पिळा. रंग लगेच जाते."

सरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते अगदी स्वस्थ होते.

"राहू दे थोडा वेळ," सर म्हणाले.